फर्नेस धाडकन वाजते? आवाज कसा आहे ते नंतर, कधी येतो ते आधी

आमच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी फर्नेस तीन हिवाळे धाडकन वाजत होती. दिवसा घराच्या गडबडीत लक्ष जायचं नाही. पण पहाटे चार वाजता, सगळे झोपलेले असताना, कोणी खाली पत्र्यावर लाथ मारावी तसा एकच आवाज यायचा. मग शांत. पाऊण तासाने पुन्हा तेच. दोन तंत्रज्ञ येऊन गेले. ते येईपर्यंत फर्नेस चांगली तापून चालू असायची आणि त्यांच्यापुढे अगदी गरीब गाय व्हायची. पहिल्याने इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग, बदलला, दुसऱ्याने बर्नर साफ केले. दोन्ही वेळा आठवडाभर आम्हाला वाटलं की झालं काम, आणि मग थंडी वाढली तशी ती पुन्हा वाजायला लागली.

चूक माझी होती. दोघांनाही मी आवाज कसा आहे ते रंगवून सांगितलं. मराठीत आवाजांच्या शब्दांना तोटा नाही, त्यामुळे खडखड नाही, खरखर नाही, धडधडही नाही, धाडकन, असं मी अगदी तपशिलात सांगत होतो. पण फर्नेसमधून येणारा ‘धाडकन’ दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. एक कारण त्रासदायक पण निरुपद्रवी, दुसरं खरोखर धोक्याचं. कानाला दोन्ही जवळपास सारखेच लागतात. फरक कळतो तो घड्याळावर.

पुढचं सगळं गॅसवर चालणाऱ्या, हवा तापवून डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या नळांतून, खोल्यांत सोडणाऱ्या फर्नेसबद्दल आहे. पाणी तापवून रेडिएटरमध्ये फिरवणारा बॉयलर असेल तर त्याची गोष्ट निराळी.

थर्मोस्टॅटने (घराचं तापमान राखणाऱ्या यंत्राने) उष्णता मागितली की फर्नेस लगेच पेटत नाही. आधी एक छोटा पंखा सुरू होतो, त्याला इन्ड्यूसर म्हणतात. जळालेला गॅस चिमणीकडे किंवा पाइपातून बाहेर ओढणं हे त्याचं काम. तो नीट ओढतोय याची खात्री प्रेशर स्विच करून घेतो. मग इग्नायटर तापून लालभडक होतो, याला साधारण पंधरा ते तीस सेकंद लागतात. नंतर ‘टिक’ करून गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर भुस्सकन पेटतात. ज्योत खरंच आहे का हे फ्लेम सेन्सर पुढच्या काही सेकंदांत तपासतो, नसेल तर गॅस बंद. ज्योत लागल्यावर अर्धा ते पाऊण मिनिट खोल्यांत हवा ढकलणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, सुरूच होत नाही, म्हणजे खोल्यांत गार हवेचा झोत येऊ नये. शेवटी घर गरम झालं की आधी ज्योत विझते आणि ब्लोअर आणखी दीड-दोन मिनिटं फिरत राहतो. सेकंद मॉडेलप्रमाणे बदलतात, क्रम सहसा बदलत नाही.

हा क्रम एकदा डोक्यात बसला की आवाज कुठल्या पायरीवर आला एवढ्यावरून निम्मं निदान होतं. ज्योत लागण्याच्या आधीच घरघर सुरू झाली, तर मोठ्या ब्लोअरला दोष देण्यात अर्थ नाही, तो अजून उठलेलाच नाही. तो आवाज इन्ड्यूसरचा.

मी काय केलं ते सांगतो. सकाळी उठून थर्मोस्टॅट तीन अंश खाली आणला आणि फर्नेस दीड तास गार होऊ दिली. तंत्रज्ञांसमोर ती का वाजत नव्हती याचं उत्तर इथेच होतं, त्यांना ती सुरू होताना कधी बघायलाच मिळाली नाही. मग एक फोन फर्नेसच्या दाराजवळ, दुसरा वर डक्टला टेकवून ठेवला, दोन्हीवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि थर्मोस्टॅट वर केला. इन्ड्यूसर सुरू झाला, तिथून मोजायला लागलो. ‘टिक’ आली ४१ व्या सेकंदाला. बर्नर लगेच पेटले, अगदी मऊ. मी कान टवकारून उभा. काही नाही. ८३ व्या सेकंदाला ब्लोअर सुरू झाला आणि ८६ व्या सेकंदाला धाडकन!

म्हणजे इग्नायटर आणि बर्नर, ज्यांच्यावर दोन वेळा खर्च झाला होता, त्यांचा काही संबंधच नव्हता. आवाज ब्लोअरने हवा ओढायला सुरुवात केल्यावर येत होता.

पुढच्या फेरीला मी खोल्यांतली हवा फर्नेसकडे परत आणणाऱ्या मोठ्या पत्र्याच्या खोक्यावर तळहात ठेवून उभा राहिलो. ब्लोअरने वेग घेतला आणि हाताखालचा पत्रा आत गेला. गोल डब्याच्या झाकणाच्या मधोमध दाबलं की ते ‘टप्’ करून आत बसतं ना, तसाच, फक्त हा पत्रा दाराएवढा. ब्लोअर थांबला तेव्हा तोच पत्रा पुन्हा बाहेर आला, थोड्या हलक्या आवाजात. तीन वर्षं पहाटे उठवणारा भामटा हाताला लागला होता.

पण पत्रा तर पहिल्या दिवसापासून तिथेच होता, मग तो आताच का आत ओढला जायला लागला? उत्तर फिल्टरमध्ये मिळालं. तीन वर्षांपूर्वी घरात धूळ फार म्हणून मी दाट विणीचा, वरच्या मर्व्ह आकड्याचा फिल्टर आणायला लागलो होतो. मर्व्ह हा फिल्टर किती बारीक कण अडवतो हे सांगणारा आकडा. आकडा जितका मोठा तितकी हवा जास्त स्वच्छ, पण एक इंच जाडीच्या फिल्टरमध्ये सहसा तितकाच अडथळाही जास्त. ब्लोअरला हवा हवीच असते. ती फिल्टरमधून सहज मिळाली नाही की तो मागच्या खोक्यात पोकळी करतो आणि सगळ्यात अशक्त पत्रा आत खेचला जातो. खात्री करायला एक फेरी, म्हणजे जेमतेम दहा मिनिटं, फिल्टर काढून फर्नेस चालवली. आवाज नाही. फिल्टर परत घातला, धाडकन. (ही चाचणी तेवढ्यापुरतीच. फिल्टरशिवाय फर्नेस रोज चालवली तर धूळ ब्लोअरच्या पात्यांवर आणि आतल्या भागांवर बसते.)

उपाय साधा निघाला. १३ चा फिल्टर जाऊन ८ चा आला, तोही दर महिन्याला दिव्यासमोर धरून बघायचा, प्रकाश आरपार दिसेनासा झाला की बदलायचा. शिवाय त्या पत्र्यावर आडवी एक लोखंडी पट्टी स्क्रूने बसवून घेतली, म्हणजे त्याला आत-बाहेर नाचायला जागाच उरली नाही. दाट फिल्टर हवाच असेल, उदाहरणार्थ घरात कोणाला दमा असेल, तर चार इंच जाडीचा फिल्टर बसेल अशी पेटी करून घेणं बरं. पृष्ठभाग वाढतो, तेवढाच अडथळा कमी होतो.

न वापरातल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून गॅस वाचवायची सवय असेल तर तीही तपासा. अमुक इतकी हवा ढकलायची असं ठरवून बनवलेल्या ब्लोअरपुढे वाटा बंद केल्या की दाब वाढतो, पत्रे वाजतात, शीळ वाजते. हवा फारच अडली तर हीट एक्स्चेंजर (जळालेला गॅस आणि घराची हवा यांच्यामधली धातूची भिंत) जास्त तापून सुरक्षेचा लिमिट स्विच ज्योत मध्येच बंद करतो. मग ब्लोअर फिरतोय, ज्योत विझली, पुन्हा लागली, पुन्हा विझली असं सुरू होतं. बचत राहिली बाजूला.

हे सगळं मी घरच्यांच्या ग्रुपवर मोठ्या फुशारकीने टाकलं. महिन्याभराने धाकट्या बहिणीचा फोन.

“दादा, आमच्याकडेपण तुझ्यासारखाच आवाज यायला लागलाय. फिल्टर बदलला, काही फरक नाही. पट्टी बसवून घेऊ का?”

“थांब. आवाज कधी येतो?”

“कधी म्हणजे? चालू होताना.”

“अगं, चालू होताना म्हणजे नक्की कधी? ब्लोअरची हवा जाळीतून यायला लागल्यावर की आधी?”

ती फोन घेऊन खाली गेली. मी तिला दारापासून चार हात लांब उभी राहायला सांगितलं. फोनवर मलाही ऐकू येत होतं: इन्ड्यूसरची घरघर, मग ‘टिक’. मग काहीच नाही. एक, दोन, तीन, चार… आणि भप्प!

“भिंतीवरचं बटण बंद कर,” मी म्हटलं. “आत्ता. आणि कोणी बघून जाईपर्यंत लावू नकोस.”

गॅसची शेगडी पेटवताना लायटर दोन-तीनदा चुकला आणि चौथ्यांदा लागला की जो भपका होतो, तोच हा प्रकार, फक्त बंद पत्र्याच्या पोटात. व्हॉल्व्ह उघडला, गॅस येतोय, पण पेटत नाही, साठतो, आणि मग एकदम पेट घेतो. बर्नरच्या रांगेत इग्नायटर एका टोकाला असतो आणि ज्योत एका बर्नरवरून दुसऱ्यावर लहान फटींतून उडी मारत जाते. त्या फटींत गंज किंवा धूळ बसली की उडी चुकते. बहिणीकडे हेच झालं होतं, गंजाचे पापुद्रे. इतर कारणं म्हणजे गॅसचा दाब कमी असणं, इग्नायटर म्हातारा होणं किंवा जागेवरून हललेला असणं. दर वेळच्या या छोट्या स्फोटाने हीट एक्स्चेंजरला धक्के बसतात. हीट एक्स्चेंजर म्हणजे ज्याच्या आतून जळालेला गॅस जातो आणि बाहेरून तुमच्या घराची हवा, या दोघांमधली एकुलती एक भिंत. तिला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. ज्योत पुढच्या बाजूने बाहेरही येऊ शकते.

तेव्हा ‘टिक’नंतर क्षणभर शांतता आणि मग भपका, असं असेल तर त्यात घरी करण्यासारखं काही नाही. फर्नेसजवळचं दिव्याच्या बटणासारखं दिसणारं बटण बंद करा, गॅसच्या नळाचा दांडा पाइपाला काटकोनात फिरवा म्हणजे गॅस बंद, आणि माणूस बोलवा. त्याला “धाडकन वाजते” असं सांगू नका, “व्हॉल्व्ह उघडल्यावर चार सेकंदांनी पेटते” असं सांगा. बहिणीकडचा माणूस हे ऐकून सरळ बर्नर काढायला बसला, अर्ध्या तासात काम झालं.

याच धोक्याच्या रांगेत आणखी एक आवाज बसतो: थर्मोस्टॅट थांबला, ज्योत विझायला हवी, तरी खालून गुरगुर चालूच. गॅस व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसावा. इथेही बटण, नळ, फोन.

काचेची छोटी खिडकी असेल तर एक निरीक्षण मात्र तुम्ही करू शकता, तेही दार न उघडता. ज्योत लागल्यावर ती निळी आणि स्थिर आहे ना ते बघा आणि ब्लोअर सुरू होईपर्यंत नजर हलवू नका. ब्लोअर सुरू होताच ज्योत लवायला, फडफडायला लागली तर ब्लोअरची हवा कुठून तरी आत शिरतेय, म्हणजे तड्याची शंका घ्यायची. ज्योत पिवळी आणि लांबट दिसत असेल तर जळणं नीट होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, आणि घराबाहेर गेलं की बरं वाटणं, ही त्याची खूण. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म हवाच, आणि तो वाजला तर बॅटरी संपली असेल म्हणून बटण दाबून झोपू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच मदत मागवा. गॅसचा वास आला तर दिव्याची बटणंही लावायची-बंद करायची नाहीत, सरळ बाहेर.

आता कमी भीतीदायक मंडळी.

चिरकणं, किंचाळणं हे बहुतेक वेळा बेअरिंगचं. ज्योतीच्या आधी असेल तर इन्ड्यूसरचं, नंतर असेल तर ब्लोअरचं. जुन्या फर्नेसमध्ये ब्लोअर पट्ट्यावर चालतो, तिथे पट्टा सैल झाल्यावरही अशीच किंकाळी येते. काही जुन्या मोटरींना तेल घालायला दोन छोटी भोकं असतात, मोटरवर लिहिलेलं तेल चार थेंब घाला, जास्त नाही. नव्या मोटरी बंद असतात, त्यांत तेल घालायची जागाच नाही. कुठूनतरी फवारा मारून आवाज दोन दिवस थांबवता येतो, पण बेअरिंग जायचं ते जातंच.

पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी खरखर आली तर ब्लोअर बंद करून ठेवा. ब्लोअरचं चाक शाफ्टवर एका छोट्या स्क्रूने घट्ट बसवलेलं असतं, तो सैल झाला की चाक सरकून कवचाला घासतं. वीज मेन ब्रेकरवरून बंद करून दार काढा आणि चाक हाताने हळू फिरवून बघा. अडखळलं, डुगडुगलं, एका जागी घासलं, की सापडलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: दार काढल्यावर फर्नेस आपोआप बंद होते, कारण दाराच्या मागे सुरक्षेचा स्विच असतो. काही लोक तो चिकटपट्टीने दाबून ठेवून आत बघत बसतात. तसं करू नका.

ब्लोअर फिरत नाही, नुसता हंऽऽ असा आवाज येतो, हा बहुधा कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला मदत करणारा विजेचा भाग, गेल्याचा. स्वस्त भाग आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो आणि तो जबर झटका देतो. हौशी लोकांनी इथे हात आखडता घ्यावा.

खडखड असेल तर पहिल्यांदा तळहाताने पत्र्याचं प्रत्येक दार दाबून बघा. दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला तर तो स्क्रूचा प्रश्न. हसू नका, फर्नेसच्या खडखडाटांतला मोठा वाटा एवढाच असतो.

शीळ म्हणजे हवा अरुंद फटीतून घुसतेय. फिल्टर वाकून त्याच्या चौकटीशेजारी फट पडली का बघा. कागदाची एक पट्टी धरून फिल्टरच्या दाराच्या कडेने फिरवा, जिथे ती आत खेचली जाते तिथे चिकटपट्टी. फिल्टरवर बाण छापलेला असतो, तो फर्नेसकडे हवा.

गुडगुड, घशात पाणी अडकल्यासारखी, ही फक्त जास्त कार्यक्षम, पांढरा प्लॅस्टिक पाइप असलेल्या फर्नेसमध्ये. अशा फर्नेस धुरातली उष्णता इतकी काढून घेतात की त्यातल्या वाफेचं पाणी होतं, दिवसाला कित्येक लिटर. ते पाणी एका छोट्या सापळ्यातून आणि नळीतून बाहेर जातं. सापळा बुळबुळीत गाळाने तुंबला किंवा नळीला पोक आला की पाणी मागे साठतं आणि इन्ड्यूसर त्यातून हवा ओढताना गुडगुडतो. वीज बंद करून सापळा काढून धुवा, परत बसवताना त्यात पाणी भरा, नळी सरळ उताराने न्या. फार उशीर केला तर प्रेशर स्विच फर्नेस पेटूच देत नाही.

आणि टिक-टिक-टिक, पण ज्योत नाही, किंवा ज्योत लागून तीन-चार सेकंदांत विझते, पुन्हा प्रयत्न, पुन्हा विझते? काही प्रयत्नांनंतर फर्नेस रुसून बसते आणि आतल्या बोर्डावर छोटा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो. त्या लुकलुकीचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात असतो, तो वाचा. ज्योत लागून विझत असेल तर बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरच्या काडीवर साका बसलेला असतो, ती बारीक घासून पुसली की काम होतं. बर्फ पडत असेल तर आधी बाहेर जाऊन पाइपाचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना ते बघा. मी एकदा तासभर सेन्सर घासत बसलो होतो आणि बाहेर पाइप गुडघाभर बर्फाखाली होता.

आमच्याकडे सगळं शांत झालंय असं नाही. ज्योत विझल्यावर पाच-दहा मिनिटं वरच्या डक्टमधून टिक्, टक्, टिक् येत राहतं. पत्रा तापला की लांबतो आणि गार होताना तेवढाच आखडतो: तीन मीटरचा डक्ट चाळीस अंशांनी तापला तर सुमारे दीड मिलिमीटर. जिथे तो लाकडी तुळईला घट्ट टेकलाय तिथे आखडताना तो अडतो आणि मग सुटताना टिक् करतो. एका टांगणीखाली रबराचा तुकडा सरकवून पाहिला, निम्मे टिक् गेले. उरलेले रात्री ऐकू येतात. बायको म्हणते, तुला आता ते ऐकल्याशिवाय झोप लागत नाही.